भिंतीवरचे तांबे: वाड्याची नक्षी, तांबटाचा हात आणि पेठेचा सहभाग

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. कसबा पेठेतील एका वाचनालयाची रस्त्याकडची लांब भिंत मोकळी आहे आणि तेथे पुण्यातील जुन्या वाड्यांची नक्षी व तांबट आळीचे तांबेकाम यांवर आधारलेले, रहिवाशांच्या सहभागातून घडलेले एक शिल्प बसवावे अशी आपल्या मंडळाची इच्छा आहे. एका चित्रकाराने आराखडाही काढून दिला आहे: मधोमध महिरपीचा दरवाजा, दोन्ही अंगांना सुरूचे, म्हणजे सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत जाणारे खांब, वर गणेशपट्टी, आणि हे सारे तांब्याच्या पत्र्यात. आता तो आराखडा तांबटांकडे सोपवायचा, सुटीच्या दिवशी रहिवाशांनी येऊन चार-चार ठोके द्यायचे आणि सहा महिन्यांत लोकार्पण करायचे, असा बेत आहे. हे जमेल का आणि कोणती काळजी घ्यावी, असे आपण विचारले आहे.

सार्वजनिक जागांतील धातूची कामे मी बरीच वर्षे करीत आलो आहे, त्यातली अनेक तांबट, ओतारी आणि लोहार यांच्याबरोबरची आहेत. त्या आधारावर सांगतो की हे काम जमण्यासारखे आहे, पण आपल्या बेतातला क्रम उलटा लागला आहे. आराखडा आधी ठरला, धातू नंतर आला, कारागीर त्याच्याही नंतर आणि रहिवासी सर्वांत शेवटी. अशा क्रमाने केलेल्या कामात तांबट हा केवळ मजूर उरतो, रहिवासी हा छायाचित्रापुरता पाहुणा उरतो आणि भिंतीवर जे लागते ते लाकडी नक्षीची पत्र्यातील नक्कल असते. तांबटाला आराखड्याच्या पहिल्या रेषेपासून सोबत घेतले, तर उरलेले बरेचसे प्रश्न सोपे होतात. खाली जे लिहिले आहे ते मुख्यतः याच एका मुद्द्याचा विस्तार आहे.

आधी आराखड्याकडे पाहू. वाड्यातील लाकूडकाम हे कोरून काढण्याचे काम आहे. सुतार सागाच्या ठोकळ्यातून नको तेवढे काढून टाकतो, त्यामुळे त्याच्या नक्षीला खोली असते, काळोख असतो आणि सकाळचे तिरपे ऊन पडले की ती उठून दिसते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील विश्रामबाग वाड्याचा दर्शनी सज्जा आणि तेथील सुरूचे खांब आपण रोज पाहता. त्या खांबांची मौज त्यांच्या फुगीर बैठकीत, वर निमुळते होत जाण्यात आणि ओळीने पुन्हा पुन्हा येण्यात आहे. पत्र्याचे तसे नाही. तांबट काहीच काढून टाकत नाही, तो धातू सरकवतो, ताणतो, आवळतो. सपाट पत्र्यावर खांबाची बाह्यरेषा कापली किंवा लेसरने महिरपीची जाळी पाडली, तर हाती येते ती खांबाची सावली. ते काम कोणत्याही औद्योगिक वसाहतीतील यंत्र एका दुपारी करून देईल आणि त्यासाठी तांबट आळीपर्यंत जाण्याचे कारण नाही. राळेवर पत्रा बसवून उठावाचे, म्हणजे ठोकून नक्षी वर उचलण्याचे काम करता येते हे खरे आहे, परंतु देवाच्या प्रभावळी आणि मुखवटे घडवणाऱ्यांचे ते कसब आहे. भांडी घडवणाऱ्या तांबटाची विद्या वेगळी आहे आणि आपल्याला ती हवी आहे, असे मी धरून चालतो.

तेव्हा प्रश्न असा विचारावा: वाड्यातील कोणते आकार तांबटाच्या हाताला मुळातच ओळखीचे आहेत? एकदा या नजरेने पाहिले की यादी आपोआप होते. तुळयांच्या आणि हस्तांच्या (छताला आधार देणाऱ्या तिरप्या लाकडी टेकूंच्या) टोकाला खाली लोंबणारे केळफूल हा पहिला आकार. तो मध्याभोवती सर्व बाजूंनी सारखा, वर रुंद आणि खाली टोकदार, म्हणजे तांब्या घडवणारा माणूस जो आकार रोज सुलट घडवतो तोच उलटा टांगलेला. सुरूच्या खांबाची कमळाकृती बैठक हा दुसरा. दिंडी दरवाजाच्या फळ्यांवरील घुमटाकार फुल्या (धातूच्या गोल, फुगीर चकत्या), कडी आणि कोयंडा, लांब पट्ट्यांच्या बिजागऱ्या हे तर वाड्यातले मूळचेच धातुकाम. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे सर्वांना ठाऊक असतात, कारण हत्तीच्या धडकेची गोष्ट मार्गदर्शक सांगतात. साध्या घरांच्या दारांवरील फुल्यांकडे मात्र कोणी पाहत नाही आणि आपल्या कामाला त्याच जास्त उपयोगी आहेत. माजघरातील झोपाळ्याच्या पितळी कड्या, त्यांतील मोर आणि हत्ती हे ओताऱ्याचे काम असल्यामुळे ते या शिल्पात आणायचे असेल तर वेगळा कारागीर लागेल, हे लक्षात ठेवावे. आणि वाड्याच्या न्हाणीघरातला पाणी तापवण्याचा बंब? तो तर तांबट आळीची ओळखच होता. बंबाचे पोट, त्याची मधली नळी, झाकणाचा घुमट हेही घराच्याच रचनेचे अंग होते, असे मी मानतो. वास्तुवारसा म्हणताना आपण दर्शनी भाग मोजतो आणि न्हाणीघर विसरतो.

माझी सूचना अशी की महिरपीचे चित्र बाजूला ठेवावे आणि शिल्प एका घटकाच्या पुनरावृत्तीवर उभे करावे: ओळींनी बसवलेल्या घुमटाकार फुल्या आणि वरच्या कडेला लोंबणाऱ्या केळफुलांची रांग. वाड्याचे सौंदर्यही पुनरावृत्तीचेच आहे. खण, खांब, तुळया, कठड्याचे गज, सारे ठरावीक अंतराने पुन्हा येते. या रचनेचा दुसरा फायदा सहभागाच्या दृष्टीने मोठा आहे, कारण एक फुली हे एका माणसाने एका बैठकीत करण्याजोगे काम आहे आणि त्यातली एखादी वाकडी झाली तरी भिंत बिघडत नाही.

आता तांबट नेमके काय करतो ते जवळून पाहू, म्हणजे लोकांकडून काय होईल आणि काय होणार नाही ते कळेल. पत्र्याची गोल चकती भट्टीत मंद लाल होईपर्यंत तापवतात आणि पाण्यात बुडवतात. पोलाद असे विझवले तर कडक होते, तांबे मात्र तापवल्याने मऊ पडते आणि पाण्यात टाकल्याने त्यावरची काळी खपली सुटायला मदत होते. मग चकती खरवईवर, म्हणजे लाकडात किंवा जमिनीत रोवलेल्या लोखंडी ऐरणीवर धरून, फिरवत फिरवत ठोकतात. प्रत्येक ठोक्याबरोबर धातू थोडा सरकतो आणि थोडा कडकही होतो. कडकपणा वाढला की हातोड्याचा आवाज बदलतो, बद्द असलेला खणखणीत होतो, आणि जाणता कारागीर त्या आवाजावरच काम थांबवून तुकडा पुन्हा भट्टीत घालतो. हे न करता ठोकत राहिले तर काठाला चीर जाते. आकार पूर्ण झाल्यावर शेवटची पायरी मठारकामाची. गुळगुळीत, चकचकीत तोंडाच्या हातोड्याने एकाशेजारी एक, किंचित एकमेकांवर चढणारे ठोके देत सगळा पृष्ठभाग भरायचा. या ठोक्यांनी पत्रा ताठ होतो, भांडे चेपत नाही आणि प्रत्येक ठोक्याच्या खळग्यात उजेडाचा एक ठिपका बसतो. तांबट आळीतील बरेच आकार आता यंत्रावर दाबून किंवा फिरवून काढतात. मठारकाम मात्र अजून हातानेच चालते आणि तेथील मालाची ओळख त्यावरच टिकून आहे.

नवख्या माणसाला मठारकाम जमत नाही. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही, ते वर्षानुवर्षांच्या सवयीचे काम आहे. नवख्याचा हातोडा तिरपा पडतो आणि तोंडाच्या कडेने अर्धचंद्राकृती खाच पडते, जी पुढे कितीही ठोकले तरी जात नाही. म्हणून तयार तुकड्यावर लोकांकडून ‘शेवटचे चार ठोके’ मारून घेण्याची आपली कल्पना सोडून द्यावी. त्यात कारागिराचे काम बिघडते आणि लोकांना काही घडवल्याचे समाधानही मिळत नाही. त्याऐवजी लोकांना पहिली पायरी द्यावी. लाकडी ठोकळ्यात उथळ वाटीसारखा खळगा कोरून घ्यावा, मऊ केलेली चकती त्यावर ठेवावी आणि गोल तोंडाच्या हातोडीने किंवा लाकडी मोगरीने बाहेरून आत गोल फिरत ती खळग्यात बसवावी. साधारण अर्ध्या तासात कोणीही प्रौढ माणूस एक घुमटाकार फुली उभी करतो. ती ओबडधोबड असते, पण आकार त्याचाच असतो. नंतर तांबट तिचा काठ सरळ करतो आणि मधल्या घुमटाला हात न लावता फक्त कडेचा पट्टा मठारतो. जवळ येऊन पाहणाऱ्याला प्रत्येक फुलीत दोन हात वेगवेगळे ओळखू येतात, एक शिकाऊ आणि एक मुरलेला. हा फरक लपवू नये, शिल्पाचा विषयच तो आहे.

माप आणि वजन यांचा अंदाज देतो. फुलीसाठी १५० मिलिमीटर व्यासाची, २० गेजची म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीची चकती योग्य ठरेल. याहून पातळ पत्रा नवख्याच्या हातात फाटतो आणि १८ गेजचा पत्रा हाताला फार कडक लागतो. अशी एक चकती सुमारे १४५ ग्रॅम भरते. ६ मीटर लांब आणि दीड मीटर उंच भागात २० सेंटिमीटर अंतराने फुल्या बसवल्या तर ३० च्या ७ ओळी, म्हणजे २१० फुल्या होतात आणि त्यांचे तांबे जेमतेम ३० किलो होते. केळफुले वेगळी, ती पूर्णपणे तांबटांनीच घडवावीत आणि त्यांच्या संख्येचा व आकाराचा निर्णयही त्यांच्यावर सोपवावा.

लोक घरातले जुने तांबे घेऊन येतील, आणि यावेच, पण त्याचे काय करायचे ते आधी ठरवा. जुन्या भांड्यांना कल्हई असते, म्हणजे आत कथिलाचा थर असतो, शिवाय कानांना आणि बुडाला झाळकाम, म्हणजे दुसरा धातू वितळवून केलेले जोड असतात. ही सारी मोड, म्हणजे जुनी मोडकी भांडी, एकत्र वितळवून तिचा पुन्हा चांगला पत्रा काढणे लहान प्रमाणावर शक्य होत नाही, मिश्रण ठिसूळ होण्याची भीती असते. बंब किंवा मोठे घंगाळ यांच्या भिंतीचा पत्रा मात्र चांगला जाड असतो. तो कापून, तापवून, सपाट करून थेट वापरता येतो आणि अशा काही फुल्या मुद्दाम जुन्या पत्र्याच्या ठेवाव्यात. त्यातल्या एखादीवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले जुने नाव आणि लग्नाची तारीख शिल्लक असेल तर ती पुसू नये. आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची ही जी पद्धत आहे, तीच मी सहभागींच्या नावांसाठी वापरीन. प्रत्येक फुलीच्या कडेवर, भांड्यांच्या दुकानात नावे घालणाऱ्या माणसाकडून, त्याच ठिपक्यांच्या अक्षरांत नाव घालून घ्यावे. वेगळा नामफलक मग लहान ठेवता येतो. (लोकार्पणाची कोनशिला शिल्पापेक्षा मोठी होण्याचा धोका आपल्या शहरांत नेहमीच असतो, त्याबद्दल मंडळाने आरंभीच लेखी ठराव करून ठेवावा.)

लहान मुलांना हातोडा देण्याची घाई करू नये. त्यांच्याकडून आधीच्या टप्प्याचे एक उत्तम काम होते. मालकांची परवानगी घेऊन पेठेतील जुन्या दारांवर कागद धरायचा आणि मेणखडूने घासून फुल्यांचे, बिजागऱ्यांचे, कड्यांचे छाप घ्यायचे. शंभर-दीडशे छाप जमले की ते जमिनीवर पसरून चित्रकार, तांबट आणि रहिवासी यांनी एकत्र बसून त्यांतले आकार निवडावेत. आराखडा ठरण्याची खरी जागा ही बैठक आहे. वाडे झपाट्याने जात आहेत, त्यामुळे शिल्प झाले नाही तरी हे छाप वाचनालयाच्या संग्रहात राहण्याजोगे आहेत. दार कोणत्या घराचे, कोणत्या तारखेला छाप घेतला, एवढे मागे लिहून ठेवावे.

रचनेच्या आणि बसवण्याच्या बाबतीत कोणतीही तडजोड करू नये. जुन्या वाड्याची भिंत लाकडी सांगाडा, विटा, माती आणि चुना यांची असेल, तर तिच्यात बोल्ट ठोकून शिल्प टांगू नये. मऊ चुन्यात आधार धरत नाही आणि भिंतीत पाणी शिरायला वाट होते. भिंतीपुढे चार-पाच इंच अंतर सोडून, जमिनीतून उभा केलेला स्वतंत्र सांगाडा घ्यावा. वजन नगण्य आहे, परंतु वाऱ्याचा हिशेब करावा लागतो. भारतीय मानकानुसार पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रतिसेकंद धरतात. त्यावरून ढोबळ दाब चौरस मीटरला सुमारे ९० किलोभाराइतका येतो. फुल्यांमधल्या फटींमुळे तो कमी होईल आणि जागेनुसार बदलेल, तरीही हिशेब स्थापत्य अभियंत्याच्या सहीचाच हवा. शिवाय मुले सांगाड्याला लोंबकळतील हे गृहीत धरावे, कारण ती लोंबकळणारच.

सांगाडा साध्या लोखंडाचा करू नये. तांबे आणि लोखंड एकमेकांना चिकटून ओले राहिले की लोखंड झपाट्याने गंजते, कारण त्या दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि तीत बळी लोखंडाचा जातो. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे आहे. १८८६ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या पुतळ्याचे अंग सुमारे अडीच मिलिमीटर जाडीच्या, ठोकून घडवलेल्या तांब्याच्या पत्र्याचे आहे आणि आतला लोखंडी सांगाडा फ्रेंच अभियंता गुस्ताव आयफेल यांच्या कचेरीने रचला होता. दोन धातूंमध्ये विलग करणारा थर घातला होता, पण तो काळाच्या ओघात निकामी झाला, लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या आणि त्यांनी तांब्यातले रिव्हेट उपटले. १९८० च्या दशकातील दुरुस्तीत त्या पट्ट्या बदलून प्रामुख्याने स्टेनलेस स्टीलच्या घालाव्या लागल्या. आपणही स्टेनलेस स्टील वापरावे आणि तरीसुद्धा प्रत्येक जोडात नायलॉनची चकती घालावी. स्टेनलेस स्टीलचा आणखी एक फायदा असा की त्याच्या नेहमीच्या जाती उष्णतेने जवळपास तांब्याइतक्याच प्रसरण पावतात. थंडीतली पहाट आणि मे महिन्यातली उन्हाची दुपार यांत धातूच्या तापमानात ५५ अंशांचा फरक धरला तर ६ मीटर लांबीच्या तांब्याच्या पट्टीची लांबी साडेपाच मिलिमीटरने बदलते. म्हणून लांब पट्ट्या टाळून सुटे तुकडे घ्यावेत आणि भोके गोल न ठेवता लांबट ठेवावीत. फुल्यांची रचना येथेही उपयोगी पडते, कारण प्रत्येक तुकडा आपापला सुटा असतो.

काठ हा सुरक्षेचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर तांबटांकडे तयार आहे. हंड्याच्या तोंडाला तार घालून काठ वळवतात, तसाच फुलीचा काठ वळवला की तो हाताला कापत नाही आणि पातळ पत्र्याला ताठपणाही येतो. घुमटाच्या मागे पाणी साचू नये म्हणून खालच्या बाजूला एक लहान छिद्र हवे. शिल्पाखाली जोत्याचा दगड असेल तर पावसाचे पाणी तांब्यावरून थेट त्यावर पडू देऊ नये, नाहीतर दोन-तीन पावसाळ्यांत दगडावर हिरवट ओघळ उठतील. खाली जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा पन्हळ असेल तर तीही तांब्यावरून आलेल्या पाण्याने लवकर खराब होते.

चोरीबद्दल आपण विचारले नाही, पण विचारायला हवे होते. तांब्याला मोडीत चांगला भाव येतो आणि सुटे लोंबते तुकडे सर्वांत आधी जातात. केळफुले हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवावीत, सर्व जोड मागून घ्यावेत आणि जेथे रिव्हेट मारणे शक्य आहे तेथे बोल्ट वापरू नयेत. पातळ, नाव घातलेल्या, दीडशे ग्रॅमच्या फुलीसाठी कोणी फारशी खटपट करीत नाही, हा माझा अनुभव आहे.

मोबदल्याचा विषय बहुतेक मंडळे संकोचाने टाळतात आणि नेमकी तेथेच कटुता निर्माण होते. भांड्यांच्या व्यवहारात मजुरी किलोवर ठरवण्याची पद्धत आहे. ती या कामाला लावली तर तांबटावर उघड अन्याय होतो, कारण येथे तांबे थोडे आणि हातकाम भरपूर. ३० किलोची किलोवारी मजुरी घेऊन कोणी दोनशे फुल्यांचे काठ वळवून देणार नाही, आणि दिलेच तर नाइलाजाने देईल. तीन रकमा वेगळ्या ठराव्यात: आराखड्याच्या बैठकांचे मानधन, घडवण्याची रोजावर मजुरी, आणि लोकांना शिकवण्याच्या दिवसांचे शिक्षक म्हणून मानधन. तिसरी रक्कम चित्रकाराच्या दिवसाच्या मानधनाएवढी असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवाळीपूर्वीचे आठवडे आणि लग्नसराई हा त्यांचा विक्रीचा हंगाम असतो, त्या काळात कार्यशाळा ठेवू नयेत. तांबट घराण्यांत असे सांगतात की त्यांचे पूर्वज पेशवाईत कोकणातून पुण्यात आले. आज त्या घरांतील पुढची पिढी या कामात राहते की नाही, हे अशा मानधनांवर आणि मागणीवर बरेच अवलंबून आहे, एका भिंतीच्या कौतुकावर नाही.

करार लेखी करावा आणि त्यात शिल्पाचे कर्ते म्हणून तांबटांची नावे चित्रकाराच्या नावाबरोबर यावीत. भविष्यात भिंत पाडायची, इमारत पुन्हा बांधायची किंवा शिल्प हलवायचे झाले तर कोणाला किती आधी कळवायचे, तुकडे कोणाकडे जातील, हेही त्यात लिहावे. दिल्लीतील विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे ब्राँझचे विशाल भित्तिशिल्प होते. ते १९७९ मध्ये त्यांना न विचारता काढण्यात आले आणि तुकडे गोदामात पडले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये सहगल यांच्या बाजूने निकाल देताना उरलेले अवशेष परत करण्याचा आणि ५ लाख रुपये नुकसानभरपाईचा आदेश दिला. कलाकृती विकली वा दिली तरी तिची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा कर्त्याचा अधिकार उरतो, हे त्या प्रकरणाने ठळक झाले. जुन्या पेठेत, जेथे दर वर्षी एखादा वाडा पुनर्विकासाला जातो, तेथे हे कलम कोरडी औपचारिकता नाही.

परवानग्यांबद्दल थोडक्यात. शनिवारवाडा हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालील स्मारक आहे आणि २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई असून त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. आपली भिंत त्यांपैकी कोठे येते ते आधी मोजून घ्यावे. दुसरे असे की, सार्वजनिक रस्ते आणि पदपथ यांवर पुतळे वा इतर बांधकामे उभारण्यास परवानगी देऊ नये असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये राज्यांना दिला होता. सुशोभीकरणासारखे काही अपवाद त्यात आहेत. सांगाड्याचे पाय वाचनालयाच्या मालकीच्या जागेतच राहतील अशी रचना केली तर हा वाद उद्भवणार नाही. इमारत महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर वारसा समितीची संमती लागेल. तिला किती महिने लागतील यावर भरवसा ठेवून लोकार्पणाची तारीख छापू नये.

राहता राहिला रंग. नवे तांबे गुलाबी-लाल असते, काही आठवड्यांत तपकिरी पडते आणि पुढे गडद होत जाते. समुद्रकाठच्या इमारतींवर दिसते तशी हिरवी झाक पुण्याच्या हवेत सहजासहजी येत नाही, तिला फार वर्षे लागतात. चमक टिकवण्यासाठी पारदर्शक लाखेचा थर देण्याची सूचना कोणीतरी करील. उघड्यावर तो थर उन्हाने फुटतो, त्याखाली पाणी शिरते आणि चट्टेपट्टे दिसू लागतात, मग सगळे खरवडून काढण्याखेरीज उपाय राहत नाही. कथिलाने कल्हई करून पांढरी नक्षी काढण्याची कल्पनाही पुढे येईल. ती घरात शोभते, पावसात काही महिन्यांत मळकट होते. आणि कोणीतरी गणेशोत्सवाच्या आदल्या दिवशी चिंच-मीठ घेऊन सारी भिंत घासायला निघेल, हेही मी जवळपास खात्रीने सांगतो. या उत्साहाला बंदी घालण्यापेक्षा जागा करून द्यावी: खालच्या दोन ओळी, जेथे हात पोहोचतो, त्या घासण्यासाठी मोकळ्या आणि वरच्या पाच ओळी जशा काळवंडतील तशा राहू द्यायच्या. हात लागून लागून खालचे घुमट तसेही उजळ राहतात. खंडेनवमीला तांबटांच्या दुकानांत हत्यारांची पूजा होते, त्याच सुमारास पावसाळाही संपलेला असतो. वर्षातून एकदा जोड, रिव्हेट आणि पाण्याची छिद्रे तपासण्याचे काम त्याच आठवड्यात ठरवून टाकावे आणि त्याची रक्कम मूळ अंदाजपत्रकातच पाच वर्षांसाठी बाजूला काढावी.

कामाची सुरुवात म्हणून एवढेच करावे: चित्रकाराला आराखड्याशिवाय तांबट आळीत घेऊन जावे, पेठेतल्या एखाद्या तुळईवरील केळफुलाचे छायाचित्र आणि मापे सोबत न्यावीत, आणि पूर्ण आकाराचे एक केळफूल व तीन फुल्या घडवून घ्याव्यात. त्या सांगाड्याच्या एका तुकड्यावर बसवून एक पावसाळा वाचनालयाच्या भिंतीपुढे उघड्यावर ठेवाव्यात. अंतर किती हवे, काठ किती वळवायचा, पाणी कोठे साचते आणि लोक नेमका कोठे हात लावतात, याची उत्तरे त्या तुकड्यावरून मिळतील. यामुळे सहा महिन्यांची मुदत साधारण दीड वर्षावर जाईल. अंतिम कामाच्या वेळी २० कोऱ्या चकत्या आणि खळग्याचे दोन लाकडी ठोकळे जादा करून वाचनालयाच्या कपाटात ठेवावेत, कारण फुल्या हरवतील, चेपतील आणि पेठेत नव्याने राहायला आलेले लोकही आपले नाव मागतील.